अंक मिळाला नाही

मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ऑफिसात दोन फोन होते, एक पांढरा आणि एक काळा. पांढऱ्यावर 'आधारवाहिनी' चालायची. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून एखाद्या डॉक्टरचाच जीव जड झाला तर त्याने या नंबरावर फोन करावा, पलीकडे एक ज्येष्ठ डॉक्टर बसलेले असतील, नावगाव कोणी विचारणार नाही, अशी ती सोय. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते सहा. कल्पना उत्तम, पत्रक देखणं, उद्घाटनाची बिस्किटंसुद्धा बऱ्यापैकी होती. तीन वर्षांत त्यावर दोन फोन आले. एक मागच्या सचिवांनीच, चालू आहे का ते बघायला केला. दुसरा एका गृहस्थांचा होता, त्यांना प्लंबर हवा होता.

काळा फोन ताईंच्या टेबलावर असे. तो मात्र वाजायचा.

ताई म्हणजेच संघटनेचं ऑफिस म्हटलं तरी चालेल. चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत त्यांची बावीस वर्षं गेली होती. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलत, सचिव बदलत, खिडकीचे पडदेही दोनदा बदलले, ताई आपल्या खुर्चीवर. सभासदांची यादी, वार्षिक परिषद, प्रमाणपत्रं, पत्ता बदलला, फोन बदलला, एकाला दुसऱ्याचं पत्र गेलं, सगळं त्याच निस्तरायच्या. आणि दर तीन महिन्यांनी निघणारा संघटनेचा अंक. जाडजूड, बारीक टायपाचा. वाचता वाचता झोप यावी असा, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे लेख झोपेवरच असायचे. ताई प्रत्येक अंक खाकी पाकिटात घालत, पत्ता चिकटवत आणि सही घेऊन द्यायच्या टपालाने रवाना करत. सहीच्या पावत्या परत आल्या की त्या चपलांच्या रिकाम्या खोक्यात तारखेवार लावून ठेवत. ही शिस्त त्यांची स्वतःची, कोणी सांगितलेली नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते ती सहा वर्षांपूर्वीच्या एका फोनपासून. कोणाचा फोन, ते ताईंनी कधी कोणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही विचारायचं नाही. एक मोठे डॉक्टर होते, इतकं पुरे.

"ताई, माझा अंक मिळाला नाही."

ताईंनी खोकं उघडलं, पावती काढली. सही तर होती. ताई तशा सरळ स्वभावाच्या, मनात एक आणि ओठात एक असं त्यांना जमत नाही. म्हणाल्या, "डॉक्टर, पावतीवर सही तुमचीच दिसतेय."

दुसरा कोणी असता तर टपालखात्याच्या नावाने खडे फोडले असते. हे गृहस्थ म्हणाले, "हो. माझीच आहे." आणि मग, "ताई, कामात आहात का तुम्ही?"

अकरा वर्षं त्यांच्याकडे येणाऱ्या एका पेशंटने त्या दिवशी पहाटे स्वतःचा जीव घेतला होता. डॉक्टर दुपारी घरी येऊन बसले होते. घरात कोणी नव्हतं. बरोबरीच्या एखाद्या डॉक्टरला फोन करावा, तर तो कोणते तीन प्रश्न विचारणार हे यांना आधीच ठाऊक. तीस वर्षं तेच तीन प्रश्न तेही लोकांना विचारत आले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या गावाला मन मोकळं करायला सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं मन मोकळं करायला जागा नाही.

ताईंना एकही प्रश्न ठाऊक नव्हता. त्या "अरेरे" म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

"नाही."

"मग आधी खाऊन घ्या. मी धरते फोन."

आणि त्यांनी खरंच फोन धरला. खांद्याने कानाशी दाबून धरला आणि हातांनी पाकिटांवर पत्ते चिकटवत राहिल्या. तिकडे भांड्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला, मग बराच वेळ नुसता चमच्याचा. चाळीस मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, "बरं ताई, ठेवतो." ताई म्हणाल्या, "अंक पाठवते हं दुसरा."

त्यानंतर पावतीचा विषय त्यांनी आयुष्यात काढला नाही. महिन्याभरात दुसऱ्या एका डॉक्टरांचा फोन आला, अंक मिळाला नाही. त्यांचीही सही खोक्यात होती. मग तिसरा, एका डॉक्टरीणबाईंचा. कोणी कोणाला सांगितलं देव जाणे, कारण ही मंडळी पोटात ठेवण्यात पक्की. पण होता होता दर अंकामागे दहा-बारा अंक 'मिळेनासे' झाले. कोणी पाच मिनिटं बोलायचं, कोणी तासभर. कोणी नुसतं हवापाण्यावर बोलून ठेवून द्यायचं. ताई रजिस्टरात तारीख, नाव आणि समोर 'अंक मिळाला नाही' एवढंच लिहायच्या. बाकीचं पोटात.

आणि जिथे प्रकरण आपल्या आवाक्यापलीकडचं आहे असं त्यांना वाटे, तिथे त्या टपालावर विसंबत नसत. तिथे अंक हातोहात जायचा. सगळी यादी तोंडपाठ. कोण कोणाच्या गल्लीत राहतं, कोणाला गप्प बसता येतं, कोण सल्ले देऊन जीव नकोसा करतं, सगळं माहीत. मग त्या नेमका माणूस हेरून फोन लावत. "डॉक्टर, घरी जाता जाता अमक्यांकडे एक अंक देऊन जाल का?"

"मी काय पोस्टमन आहे का ताई?"

"नाही हो, पण वाटेवरच आहे तुमच्या."

कुरकुर करत जायचे. दाराशी अंक द्यायला गेलेला माणूस तीन तासांनी बाहेर पडायचा. दुसऱ्या दिवशी ताईंना फोन यायचा, "बरं झालं मला पाठवलंत." ताई म्हणायच्या, "अंक पोचला ना? मग झालं." त्याहून जास्त कोणी कधी बोललं नाही. पण एकदा पोस्टमन झालेला डॉक्टर दुसऱ्यांदा कुरकुर करत नसे, उलट जाताना खिशात बिस्किटांचा पुडा टाकून जायचा.

असं सगळं छान चाललं होतं. ताई आपल्या कामावर खूश होत्या, आणि कोणी विचारलं असतं तर तसं सांगितलंही असतं त्यांनी.

मग नव्या सचिव आल्या. त्याही मानसोपचारतज्ज्ञच, अडतिशीच्या, हुशार, कामाला वाघ. जेवणाचा डबा एका हाताने खायचा आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचं. जिना चढायच्या त्याही दोन दोन पायऱ्या. वाईट म्हणावं तर बाई गुणाची, ताईंना मनापासून आवडायची, हीच तर पंचाईत. खडूस असती तर भांडता तरी आलं असतं. सचिव मॅडमनी महिन्याभरात सगळी जुनी कागदपत्रं उपसली आणि एका संध्याकाळी ताईंच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, तीन वर्षांत अंक न मिळाल्याच्या एकशे त्रेचाळीस तक्रारी. कमाल आहे टपालाची. तुम्ही कसं सहन केलंत?"

"होतं असं," ताई म्हणाल्या.

"आता नाही होणार. छापील अंक बंद करू या. सगळा अंक संकेतस्थळावर टाकायचा, म्हणजे हरवायचा प्रश्नच नाही. तक्रार असेल तर तिथेच फॉर्म भरायचा. आणि हा फोन काढून टाकू. दिवसभर वाजतो, तुम्हाला एक काम धड करू देत नाही. पुढच्या बैठकीत ठराव मांडते." आणि मग प्रेमाने म्हणाल्या, "तुमचा केवढा त्रास वाचेल."

ताई "हो" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? त्यांची नोकरी जात नव्हती, उलट काम हलकं होत होतं. जाणार होता तो फोन, आणि फोन करायला लागणारं निमित्त. अंकच संकेतस्थळावर गेला तर मिळाला नाही असं म्हणायचं कशाच्या जोरावर? आणि का नको ते सांगायचं, तर इतक्या जणांची झाकली मूठ उघडायची.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा घड्याळजी. दुकान मुलाकडे सोपवून आता घरच्या जेवणाच्या टेबलावर घड्याळं उघडून बसायचा, त्यामुळे त्या घरात चहाच्या कपाला जागा शोधावी लागे.

"अहो, समजा एखादी गोष्ट लोकांच्या भल्याची आहे, पण ती वाचवायची तर लोकांची गुपितं सांगावी लागतील. तर काय करावं माणसाने?"

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "कोणाची गुपितं?"

"ते नाही सांगणार."

"मग मला कशाला विचारतेस? तुझं उत्तर तू देऊन बसलीस की." त्याने चिमट्याने एक चाक उचललं, फुंकर मारली. "झाकली मूठ ज्याची त्याने उघडावी. आपण दुसऱ्याची बोटं सोडवायला जाऊ नये."

"आणि कोणी उघडलीच नाही तर?"

"तर गेला तुझा फोन," नवरा म्हणाला, आणि मग बायकोचा चेहरा बघून त्याने भिंग काढलं. "एवढा जीव आहे का त्या फोनवर?"

"आहे," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची त्यांना जरा लाजही वाटली.

बैठक शनिवारी दुपारी होती. मानसोपचारतज्ज्ञांची बैठक ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती गंमत कळायची नाही. पहिली गोष्ट म्हणजे टेबल नाही, खुर्च्या गोल मांडलेल्या. मध्ये स्टुलावर कागदी रुमालांचा डबा, सवयीने. दुसरी गोष्ट, कोणी कोणाला मध्येच तोडत नाही. एकाचं बोलणं संपलं की सगळे थांबतात, न जाणो त्याला आणखी काही बोलायचं असेल. मग कोणीतरी विचारतं, "असं तुम्हाला का वाटतं?" चार विषयांच्या बैठकीला साडेतीन तास लागतात. त्यात एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांना ताई मनातल्या मनात हुंकारदादा म्हणत. बारा वर्षांत त्यांनी बैठकीत 'हं' शिवाय काही बोललेलं ताईंच्या इतिवृत्तात नाही.

सचिव मॅडमनी ठराव मांडला. सुबक मांडला. आधारवाहिनीचा वापर शून्य, तेव्हा आपल्या सभासदांना आधाराची गरज नाही, ही आनंदाची गोष्ट. तक्रारी आहेत त्या टपालाच्या, तेव्हा छापील अंक आणि ऑफिसचा फोन दोन्ही बंद करावेत. "ताई, ते रजिस्टर देता का? कोणत्या भागातून तक्रारी जास्त आहेत ते सगळ्यांना दाखवते."

रजिस्टर ताईंच्या मांडीवर होतं. त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले.

"रजिस्टर देणार नाही मी, मॅडम."

सचिव मॅडमना आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे?"

"त्यात नावं आहेत."

"अहो, अंक न मिळाल्याची नावं. त्यात काय लपवायचं?"

"तरी देणार नाही. ऑफिसची वस्तू आहे, मला कळतं. हवं तर मला काढून टाका." ताईंचे हात रजिस्टरावरून हलले नाहीत. "एक मात्र सांगते, टपालाला दोष देऊ नका. अंक सगळ्यांना पोचलेत. एकूण एक. सह्यांच्या पावत्या माझ्याकडे आहेत."

"अंक पोचले?" सचिव मॅडमनी हातातला कागद खाली घेतला. "मग हे एकशे त्रेचाळीस फोन कशाला आले?"

गोलातलं कोणीच बोललं नाही. एरवी या लोकांची शांतता कशी, समोरच्याने बोलावं म्हणून धरलेली. ही तशी नव्हती. कोणी चष्मा पुसत होतं, कोणी खिडकीबाहेर बघत होतं, दोघं तर सरळ जमिनीकडे. ताईंनी एकाच्याही चेहऱ्याकडे पाहिलं नाही. चुकून नजर गेली आणि कोणाला वाटलं की ही सुचवतेय, तर? त्या रुमालांच्या डब्याकडे बघत बसल्या.

गेला फोन, त्यांना वाटलं. आणि जाऊ दे. मूठ तरी झाकलेली राहिली.

"माझा अंक मला मिळाला होता," कोणीतरी म्हणालं.

ते अध्यक्ष होते. उंच, इस्त्रीचे कपडे, बोलायला मोजके. वर्षभरापूर्वी त्यांची पत्नी गेली, आणि तेराव्या दिवशी ते कामावर हजर झाले, तेव्हा सगळ्यांनी मोठं कौतुक केलं होतं त्यांच्या धीराचं.

"दर वेळी मिळाला," ते म्हणाले. "दिवाणखान्यात टेबलावर समोर असायचा, आणि मी ताईंना फोन करून सांगायचो की मिळाला नाही. चार वेळा केला. एकदा तर संपूर्ण फोनभर ताई मला त्यांच्या घरातली घड्याळं कशी एकमेकांच्या पुढेमागे वाजतात ते सांगत होत्या. त्या रात्री मला झोप लागली."

सचिव मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मलाही मिळाला होता," हुंकारदादा म्हणाले.

बारा वर्षांतलं पहिलं वाक्य. रुमालांच्या डब्यावरची नजर काढून ताईंनी वर पाहिलं. "दोनदा," हुंकारदादांनी भर घातली, आणि अध्यक्षांकडे मान वळवली. "दुसऱ्या वेळी तुम्हीच आणून दिला होतात."

"मला वाटलं, तुम्हाला खरंच अंक हवाय," अध्यक्ष म्हणाले.

"तो वाचतो कोण?"

हे ऐकून कोपऱ्यातल्या एक डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांनाच रुमालाचा डबा लागला. हसता हसता म्हणाल्या, "माझे तीन." मग कोणी एक म्हणालं, कोणी पाच म्हणालं. सगळेच बोलले असं नाही. दोघं-तिघं गप्प बसले आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

सचिव मॅडमचे कान लाल झाले होते. "मला कोणीच सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं," अध्यक्ष म्हणाले.

ठराव मॅडमनी स्वतःच मागे घेतला, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. छापील अंक चालू राहिला. पांढरा फोन काढला, त्या जागी चहाची किटली आली. रजिस्टर कोणी मागितलं नाही. जाताना अध्यक्ष टेबलाशी थांबले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "ताई, कधी हातोहात पोचवायचा अंक असला, तर मला सांगत जा. संध्याकाळचा मोकळाच असतो." ताईंना त्या दिवशी जिना उतरताना पाय दुखल्याचं आठवत नाही. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं की फोन राहिला. नवरा म्हणाला, "वाटलंच होतं," आणि चहाच्या कपाला जागा करून दिली.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, साडेपाचच्या सुमाराला काळा फोन वाजला. ताई नव्या पाकिटांचे गठ्ठे सोडवत होत्या.

"ताई, मी बोलतेय." सचिव मॅडमचा आवाज. पण जिना दोन दोन पायऱ्यांनी चढणारा तो आवाज नव्हता. "ताई, माझा अंक मिळाला नाही."

ताईंनी हातातला दोरा खाली ठेवला. नवा अंक अजून छापखान्यात होता. मॅडमनीच काल त्याची शेवटची मुद्रितं तपासून पाठवली होती. कोणालाच मिळाला नव्हता तो.

"नसेल मिळाला," ताई म्हणाल्या. "बोला."

मॅडम बोलल्या. आधी अडखळत, मग भडाभडा. अवघी तेवीस वर्षांची पेशंट मुलगी, दर गुरुवारी यायची, मागच्या गुरुवारी हसून गेली होती. ती आता नव्हती. ताई "अरेरे" म्हणाल्या. मग काही खाल्लंत का विचारलं, आणि मॅडमचा डबा उघडेपर्यंत, संपेपर्यंत फोन धरून बसल्या. खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर पडलं तरी उठल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर त्यांनी रजिस्टर ओढलं, तारीख घातली, नाव लिहिलं, आणि समोर लिहिलं, अंक मिळाला नाही. मग अध्यक्षांचा नंबर फिरवला.

"डॉक्टर, सचिव मॅडमकडे एक अंक हातोहात पोचवायचाय. आजच."

"निघतोच," अध्यक्ष म्हणाले. किल्ल्यांचा आवाज आला, मग ते थांबले. "पण ताई, अंक अजून छापून कुठे झालाय? नेऊ काय मी?"

"मागचाच न्या," ताई म्हणाल्या. "आणि जरा बसा तिथे."